मुलाचं हाड वाकतंय, सारखं मोडतंय? पैसे खर्च करण्याआधी हे वाचा

मूल चालायला लागलं आणि पाय धनुष्यासारखे दिसू लागले. किंवा दोन वर्षांत तिसऱ्यांदा हात प्लास्टरमध्ये गेला. किंवा वर्गातली सगळी मुलं उंच झाली आणि तुमचं मूल तिथेच राहिलं. तिन्ही घरांना पहिल्या महिन्यात एकच सल्ला मिळतो : कॅल्शियम द्या, व्हिटॅमिन डीच्या पुड्या द्या, सहा महिन्यांनी बघू. बऱ्याचदा तो बरोबरही ठरतो. पण आजार आनुवंशिक किंवा चयापचयाचा असेल तर याच सल्ल्यापायी वाढीची वर्षं निघून जातात आणि शेवटी टाळता आली असती अशी शस्त्रक्रिया करावी लागते.

खाली दिलेले दर मोठ्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळा आणि रुग्णालयांचे साधारण दर आहेत. गावागणिक फरक पडेल. फोन करून आधी विचारा, आणि विचारताना ‘सगळं धरून किती?’ असंच विचारा.

कधी काहीच खर्च करायचा नाही

दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे पाय थोडे बाहेर वाकलेले असतातच. तीन-चार वर्षांच्या वयात उलट गुडघे एकमेकांना घासू लागतात आणि सहा-सात वर्षांपर्यंत आपोआप सरळ होतात. या काळात कुणी खास बूट, पट्टे किंवा रात्री बांधायचे स्प्लिंट सुचवले तर घेऊ नका. दर दोन-तीन महिन्यांनी मूल उभं असताना समोरून एक फोटो काढा आणि तारीख टाकून ठेवा. हा फुकटचा पुरावा पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

थांबायचं नाही ते केव्हा? एकच पाय वाकलेला असेल, दोन वर्षांनंतरही बाक वाढत असेल, मनगटं किंवा घोटे जाड दिसत असतील, मूल चालताना डुलत असेल किंवा पाय दुखतात म्हणत असेल, उंची मागे पडत असेल, साध्या पडण्याने हाड मोडत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसत असेल, दाताला कीड नसताना हिरडीत गळू होत असेल, किंवा घरात आणखी कुणाला असंच असेल. यातलं एक जरी लक्षण असेल तरी तपासणीला जा.

पहिली तपासणी : साधारण दोन ते चार हजारांत

रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि क्रिएटिनिन. प्रत्येकी साधारण १५० ते ३०० रुपये. व्हिटॅमिन डी १,००० ते १,८०० रुपये. गुडघ्याचा आणि एका मनगटाचा एक्स-रे, प्रत्येकी ३०० ते ६०० रुपये. मुडदूस आहे की नाही हे ओळखायला सुरुवातीला एवढं पुरतं.

यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे फॉस्फरस. ‘फुल बॉडी’ किंवा ‘बोन प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजमध्ये सत्तर-ऐंशी तपासण्या मोजून दाखवतात. यादी हातात घ्या आणि फॉस्फरस आहे का ते बघा. नसेल तर पॅकेज नको, सुट्या तपासण्या करा. त्या स्वस्तही पडतात.

रक्त शक्यतो प्रयोगशाळेत जाऊन सकाळी उपाशीपोटी द्या. घरून नमुना नेण्याचे शंभर-दोनशे रुपये वेगळे लागतात हा एक भाग. दुसरा असा की नमुना तासन्‌तास तसाच पडून राहिला तर फॉस्फरस खोटा जास्त दिसतो. नेमका तो कमी असल्याचं शोधायला तुम्ही आलेले असता.

व्हिटॅमिन डीची तपासणी पुडी सुरू करण्याआधी करा. पुड्या दिल्यावर आकडा वाढतो आणि मूळ स्थिती कधीच कळत नाही.

अहवाल हातात आला की लगेच ‘नॉर्मल’ शब्दावर विसंबू नका. बऱ्याच प्रयोगशाळा शेजारी मोठ्या माणसांची मर्यादा छापतात. मोठ्यांचा फॉस्फरस अडीच ते साडेचारच्या दरम्यान असतो, दोन वर्षांच्या मुलाचा साधारण चार ते साडेसहा. म्हणजे मुलाचा आकडा २.९ आला तर कागदावर तो नॉर्मल दिसेल, प्रत्यक्षात तो धोक्याचा आहे. अल्कलाइन फॉस्फटेजचं उलट. वाढत्या मुलात ते तीनशेच्या घरात असणं स्वाभाविक आहे, तरी समोर लाल ‘एच’ छापून येतो आणि घर घाबरतं. तेच मुलात ५०-६० आलं तर कुणी खूण करत नाही, पण इतकं कमी अल्कलाइन फॉस्फटेज हे हायपोफॉस्फटेशिया या दुर्मिळ आजाराचं लक्षण असू शकतं. वयानुसारची मर्यादा डॉक्टरांना विचारा आणि अहवालावर पेनाने लिहून घ्या.

पुडीचा हिशेब

साठ हजार युनिटची पुडी तीस ते साठ रुपयांना मिळते आणि चिठ्ठीशिवायही मिळते. घोळ इथेच होतो. ही पुडी आठवड्याला एक अशी ठराविक आठवडेच द्यायची असते. रोज एक दिल्याने रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते आणि मूल रुग्णालयात दाखल करावं लागतं. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे मराठीत लिहून घ्या आणि वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. सहा लाख युनिटचं इंजेक्शन दर महिन्याला देणारे आजही भेटतात. ते घेऊ नका.

साध्या मुडदुसाला इतकं लागतही नाही. एक वर्षाखालच्या बाळाला रोज २,००० युनिट, त्याहून मोठ्या मुलाला रोज ३,००० ते ६,००० युनिट, सोबत कॅल्शियम, असा तीन महिन्यांचा उपचार असतो. खर्च महिन्याला काही शे रुपये. निरोगी बाळाला पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब, एवढंच.

तीन महिन्यांनी तोच एक्स-रे पुन्हा काढा. साधा मुडदूस असेल तर हाडाच्या टोकाशी भरण दिसू लागलेली असते. दिसली नाही तर आणखी पुड्या घ्यायच्या नाहीत. डॉक्टर म्हणाले ‘अजून सहा महिने बघू’, तर नम्रपणे सांगा : आम्हाला मुलांच्या हार्मोनतज्ज्ञाकडे किंवा आनुवंशिकी विभागात चिठ्ठी द्या. आपल्याकडे व्हिटॅमिन डी कमी असलेली मुलं घरोघरी आहेत. त्यामुळे अहवालात डी कमी आलं म्हणजे पाय त्यामुळेच वाकले, असं सिद्ध होत नाही. डीची कमतरता आणि आनुवंशिक आजार, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

दुसरी तपासणी : आणखी दोन ते चार हजार

फॉस्फरस कमी असेल तर रक्ताच्या वेळीच घेतलेल्या लघवीत फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (४०० ते ६०० रुपये), पॅराथायरॉइड हार्मोन (१,००० ते १,८००), रक्तातलं बायकार्बोनेट आणि पोटाची सोनोग्राफी. मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातंय की आम्ल साठतंय, हे यातून कळतं. दोन्हींमध्ये पाय सारखेच वाकतात, उपचार मात्र अगदी वेगळे आहेत.

फॉस्फेट वाहून जाणाऱ्या आनुवंशिक मुडदुसाला तोंडाने फॉस्फेट दिवसातून चार-पाच वेळा आणि कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल द्यावं लागतं. डोसनुसार खर्च महिन्याला दोन-तीन हजारांपर्यंत जाऊ शकतो. फॉस्फेटची पुडी प्रत्येक दुकानात नसते. तालुक्याच्या गावी असाल तर दोन महिन्यांचा साठा एकदम आणा. काही मोठ्या रुग्णालयांच्या औषधालयात ‘जूलीज सोल्यूशन’ नावाचं फॉस्फेटचं पातळ औषध तयार करून मिळतं आणि ते बरंच स्वस्त पडतं, हे मुद्दाम विचारा. दुकानदार कॅल्सिट्रिऑल नाही म्हणून साधं व्हिटॅमिन डी देऊ लागला तर घेऊ नका, ते दुसरं औषध आहे. दर काही महिन्यांनी रक्त, लघवी आणि अधूनमधून मूत्रपिंडाची सोनोग्राफी, हा कायमचा खर्च आधीच धरा. बुरोसुमॅब हे नेमकं काम करणारं इंजेक्शन २०१८ पासून जगात उपलब्ध आहे, पण स्वतःच्या खिशातून ते वर्षानुवर्षं घेणं सामान्य घराला शक्य नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात राहत असाल आणि घरात बोअरचं पाणी पीत असाल तर पाण्यातलं फ्लोराइडही तपासून घ्या. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्याने हाडं बिघडतात. तिथे औषधाआधी पाणी बदलावं लागतं.

ठिसूळ हाडं

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मतः ठिसूळ हाडं. हाडातल्या कोलॅजन या प्रथिनाचा हा दोष. अशा बाळाला जोराची मालीश नको, पाय धरून उचलणं नको. हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसवणं तर अजिबात नको. प्रत्येक फ्रॅक्चरचा एक्स-रे आणि कागद एका फाइलीत तारखेनुसार ठेवा. लहान मुलाची हाडं वारंवार मोडलेली दिसली की रुग्णालयात मारहाणीचा संशय येतो आणि आईवडिलांची उलटतपासणी होते. त्या वेळी ही फाइलच तुमच्या बाजूने बोलते.

उपचार शिरेतून दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेटचे. झोलेड्रोनिक आम्ल साधारण सहा महिन्यांतून एकदा, पामिड्रोनेट दोन-तीन महिन्यांनी तीन दिवस. डोस वजनावर ठरतो. दहा किलोच्या मुलाला चार मिलिग्रॅमच्या बाटलीतलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लागतं, बिल मात्र पूर्ण बाटलीचं येतं. त्याच दिवशी दुसऱ्या मुलाला औषध द्यायचं असेल तर रुग्णालयाच्या औषधालयात एक बाटली वाटून वापरता येते का, हे विचारण्यात संकोच करू नका. एकाच ताकदीच्या बाटलीच्या छापील किमतीत कंपनीनुसार दुप्पट-तिप्पट फरक असतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा. एका दिवसाच्या भरतीचे दोन ते सहा हजार वेगळे. पहिल्या डोसनंतर ताप येतो आणि कॅल्शियम उतरू शकतं. त्यामुळे पहिला डोस घरी नर्स बोलावून ‘स्वस्तात’ घेऊ नका. आधी दात तपासून घ्या.

मोठ्यांसाठी एक सूचना इथेच. वारंवार फ्रॅक्चर म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन (१,५०० ते ४,००० रुपये) केला आणि लगेच हेच औषध सुचवलं, तर आधी अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा विचारा. तो सतत फार कमी असेल तर या औषधाने नुकसान होऊ शकतं.

उंची खुंटली

अकोंड्रोप्लाझिया हा आखूड हातपायांचा सर्वांत नेहमीचा प्रकार. यातल्या पाचपैकी चार मुलांचे आईवडील सामान्य उंचीचे असतात, दोष नव्याने आलेला असतो. कुणाच्या खाण्यापिण्याने किंवा ग्रहणाने तो येत नाही. अनुभवी डॉक्टर तो एक्स-रेवर ओळखतात. खात्री हवीच असेल तर त्या एका जनुकाची तपासणी पुरते, काही हजारांत होते. पंचवीस हजारांची मोठी तपासणी लागत नाही. उंची वाढवणारी पावडर, चूर्ण, लटकण्याचं यंत्र यांचा इथे शून्य उपयोग आहे. महिन्याला तीन हजार घेणारा विक्रेता दारात आला तर दारातूनच परत पाठवा.

जनुक तपासणी कधी, आणि बिलात काय लपतं

क्लिनिकल एक्झोम, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी, साधारण १५,००० ते २५,००० रुपये, अहवालाला चार ते सहा आठवडे. उपचार बदलणार असेल किंवा दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तेव्हा ही तपासणी पैसे वसूल करते. नुसत्या कुतूहलासाठी करू नका. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या : आईवडिलांच्या पडताळणीचा खर्च यात आहे का (नसेल तर माणशी आणखी काही हजार), समुपदेशन धरलेलं आहे का, मूळ डेटा मिळेल का, आणि निष्कर्ष ‘अनिश्चित’ आला तर दोन वर्षांनी पुन्हा वाचून देतील का.

दुसरं मूल हवं असेल तर पहिल्या मुलाचा जनुकदोष गर्भ राहण्याआधी माहीत हवा. गर्भाची तपासणी अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात किंवा सोळाव्यानंतर होते. त्या घाईत पहिल्याचा एक्झोम करायला वेळ उरत नाही.

शस्त्रक्रिया : घाई नको, उशीरही नको

रक्तातलं फॉस्फेट आणि हाडाचा आजार ताब्यात येण्याआधी पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया केली तर हाड पुन्हा वाकतं. दोनदा बिल भरणारी कुटुंबं याच चुकीने भरतात. मुडदुसाचं कारण लेखी कळल्याशिवाय सही करू नका. उलट वाढ चालू असतानाच जमणारी एक छोटी शस्त्रक्रिया आहे. वाढीच्या पट्टीशेजारी छोटी प्लेट बसवतात आणि हाड वाढता वाढता सरळ होतं. वाढ संपली की ही संधी गेली, मग हाड कापूनच सरळ करावं लागतं. प्लेटसाठी खासगीत साधारण पाऊण ते दीड लाख, हाड कापण्याच्या शस्त्रक्रियेला त्याहून बरंच जास्त. प्लेट पुढे काढावी लागते, म्हणजे दुसरी भरती आणि दुसरं बिल. तो आकडाही आजच विचारा. इम्प्लांटची कंपनी आणि किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा.

कुठे जायचं

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, तिथे अल्प शुल्क लागतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या चिठ्ठीवर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. ही चिठ्ठी असेल तर पुढची दारं लवकर उघडतात.

पुढचं ठिकाण मुंबईत परळ. तिथे केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेलं केंद्र आहे, आणि जवळच मुलांचं वाडिया रुग्णालय. पट्टे आणि कॅलिपरसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. पुण्यात ससून, विदर्भात नागपूरचं एम्स आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. विशेष ओपीडीचा वार आधी फोनवर विचारा. चुकीच्या वारी गेलात तर गाडीभाडं आणि एक दिवसाची मजुरी दोन्ही जातं. मूळ एक्स-रे, जुने सगळे अहवाल, जन्मापासूनच्या उंची-वजनाच्या नोंदी, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड सोबत घ्या. मोबाइलवरचा एक्स-रेचा फोटो चालत नाही.

पैसे कुठून

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पांढऱ्या रेशनकार्डालाही. पण ही योजना भरतीच्या ठराविक उपचारांसाठी आहे. ओपीडी आणि आधी बाहेर केलेल्या तपासण्या यात बसत नाहीत. तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. मंजुरीनंतर ‘इम्प्लांट वेगळं’ म्हणून पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा.

धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंतच्या रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. औषधं आणि इम्प्लांट खरेदीच्या दराने लावायची असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला भरतीच्या आधी काढून ठेवा, नंतर धावपळीत तो मिळत नाही. समाजसेवा अधिकाऱ्याला पहिल्या दिवशीच भेटा. बिल तयार झाल्यावर सवलत मागितली तर ‘खाटा भरल्या’ हे उत्तर मिळतं.

दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा, शुल्क शून्य. २०१६ च्या कायद्यात बुटकेपणा हा स्वतंत्र प्रकार आहे : प्रौढपणी उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. जुन्या करप्रणालीत असाल तर अवलंबित व्यक्तीसाठी आयकरात ७५,००० रुपयांची, आणि ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावटही मिळते. एजंटला पाचशे-हजार देण्याची काहीच गरज नाही.

खासगी विम्यात आजार लपवू नका, दावा तिथेच फेटाळला जातो. मात्र ‘आनुवंशिक आहे’ एवढ्याच कारणावर नकार आला तर लेखी मागा. विमा नियामकाने २०१८ मध्येच कंपन्यांना हे कलम काढायला सांगितलं आहे.

आणि सर्वांत मोठी रक्कम. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात यादीतल्या आजाराला रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत आहे. बिसफॉस्फोनेट लागणारी ठिसूळ हाडं, ऑस्टिओपेट्रोसिस (हाडं वाजवीपेक्षा दाट होणारा आजार) आणि हायपोफॉस्फटेशिया या यादीत आहेत. दारिद्र्यरेषेची अट नाही. अर्ज तुम्ही मंत्रालयात करायचा नाही. परळच्या केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रात मुलाची नोंदणी करायची, पुढचा प्रस्ताव तेच पाठवतात. पैसे त्या रुग्णालयाकडे जातात, तुमच्या खात्यात कधीच येत नाहीत. म्हणून कुणी ‘मंजुरी काढून देतो, पाच टक्के द्या’ म्हणाला तर तो ठग आहे. त्याला एक रुपया देऊ नका, त्याचा नंबर पोलिसांना द्या.